किडनी प्रत्यारोपणानंतरची औषधे आणि रक्ताच्या गुठळ्या

किडनी प्रत्यारोपण झालेल्या प्रत्येकाला रोज, ठरलेल्या वेळी, आयुष्यभर काही गोळ्या घ्याव्या लागतात. शरीराने नवी किडनी परकी समजून नाकारू नये, म्हणजेच ‘रिजेक्शन’ होऊ नये, यासाठी त्या असतात. याच औषधांपैकी काही औषधे रक्ताचा गोठण्याकडे असलेला कल वाढवतात. ही माहिती कानावर आली की अनेक घरांत एकच प्रश्न येतो: मग या गोळ्या घ्यायच्या की नाही?

उत्तर स्पष्ट आहे. गोळ्या घ्यायच्याच. त्या बंद केल्यास काही दिवसांत किंवा आठवड्यांत किडनी नाकारली जाऊ शकते. गुठळीचा धोका मात्र आधी ओळखता येतो, बऱ्याच अंशी कमी करता येतो आणि वेळेत पोहोचल्यास त्यावर उपचारही होतात. त्यासाठी काय माहीत असावे, ते या लेखात दिले आहे.

माजलगाव तालुक्यातल्या दिंद्रुडसारख्या गावात राहणाऱ्या रुग्णासाठी हे जास्तच महत्त्वाचे आहे. प्रत्यारोपण पुणे, मुंबई किंवा छत्रपती संभाजीनगरच्या मोठ्या रुग्णालयात होते. पण ताप येणे, जुलाब लागणे, पाय सुजणे हे सगळे घरी घडते. पहिला निर्णय घरच्यांना किंवा गावातल्या डॉक्टरांना घ्यावा लागतो.

थोडक्यात

- टॅक्रोलिमस, सायक्लोस्पोरिन, सिरोलिमस, एव्हेरोलिमस आणि प्रेडनिसोलोन या औषधांचा गुठळीशी कमी-अधिक संबंध आहे.
- एकट्या औषधामुळे गुठळी होण्यापेक्षा औषध, ऑपरेशन, जंतुसंसर्ग, अंगातले पाणी कमी होणे आणि एका जागी पडून राहणे या गोष्टी एकत्र आल्या की धोका वाढतो.
- एकाच पायाला सूज, अचानक धाप, अचानक लघवी कमी होणे, नव्या किडनीच्या जागी दुखणे, फिस्टुलाची थरथर थांबणे: यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. अचानक धाप लागली तर तातडीने १०८ ला फोन करा.
- रिजेक्शनविरोधी गोळ्या स्वतःहून बंद, कमी किंवा दुप्पट करू नका.

गुठळी का होते?

जखम झाली की रक्त गोठते, म्हणूनच रक्तस्राव थांबतो. ही शरीराची गरज आहे. पण रक्तवाहिनीच्या आत, गरज नसताना रक्त गोठले तर वाट बंद होते आणि पुढच्या भागाला रक्त मिळत नाही. असे होण्यामागे साधारण तीन कारणे असतात: रक्ताचा वेग मंदावणे, रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला इजा होणे आणि रक्तच जास्त ‘गोठू’ होणे.

प्रत्यारोपणात ही तिन्ही कारणे एकत्र येऊ शकतात. नवी किडनी जुन्या किडनीच्या जागी बसवत नाहीत. ती पोटाच्या खालच्या भागात, जांघेच्या थोडी वर, एका बाजूला ठेवतात आणि पायाकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांना जोडतात. तिथे टाके असतात, आजूबाजूला सूज असते आणि रुग्ण काही दिवस पलंगावर असतो. त्यात काही औषधे अस्तराला त्रास देतात, काही रक्त गोठवणारे घटक वाढवतात.

म्हणूनच सर्वात जास्त धोका ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत असतो. पुढे तो कमी होतो, पण पूर्ण संपत नाही.

कोणते औषध काय करते?

तुमच्या गोळ्यांच्या पाकिटावर ब्रँडचे नाव मोठे आणि औषधाचे मूळ नाव लहान अक्षरांत असते. खालची नावे ही मूळ नावे आहेत. आपल्या पाकिटावर ती शोधून ठेवा.

*टॅक्रोलिमस आणि सायक्लोस्पोरिन.* बहुतेक रुग्णांच्या उपचाराचा हा कणा आहे. रक्तातली त्यांची पातळी गरजेपेक्षा जास्त झाली तर किडनीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि त्यांच्या अस्तराला इजा होते. काही रुग्णांत या इजेमुळे बारीक रक्तवाहिन्यांत सूक्ष्म गुठळ्या तयार होतात. याला ‘थ्रॉम्बोटिक मायक्रोअँजिओपॅथी’ किंवा थोडक्यात ‘टीएमए’ म्हणतात. हा त्रास नेहमी होत नाही. पातळी योग्य असतानाही तो क्वचित होऊ शकतो, म्हणून पातळीबरोबर इतर तपासण्याही लागतात.

*सिरोलिमस आणि एव्हेरोलिमस.* ही औषधे काही ठरावीक रुग्णांना देतात, उदाहरणार्थ टॅक्रोलिमसचा त्रास होत असेल किंवा कर्करोगाचा इतिहास असेल तर. त्यांच्यामुळे जखम भरायला वेळ लागतो, लघवीतून प्रथिने जाऊ शकतात आणि पायांच्या शिरांत गुठळी होण्याचा धोका वाढू शकतो. एव्हेरोलिमसच्या अमेरिकेतल्या अधिकृत माहितीपत्रकात नव्या किडनीच्या रक्तवाहिन्यांत गुठळी होऊन किडनी गमावण्याचा ठळक इशारा दिला आहे. असे प्रकार बहुतांश पहिल्या ३० दिवसांतले आहेत. सिरोलिमस आणि टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिन एकत्र दिल्यास टीएमएची शक्यता वाढते, म्हणून डॉक्टर मात्रा फार जपून ठरवतात.

*प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड).* स्टेरॉइडमुळे रक्त गोठवणारे काही घटक वाढतात आणि झालेली गुठळी विरघळण्याची क्रिया मंदावते. मात्रा जास्त असते तेव्हा, म्हणजे सुरुवातीच्या दिवसांत किंवा रिजेक्शनचा उपचार चालू असताना, हा परिणाम जास्त असतो. स्टेरॉइड अचानक बंद करणे वेगळ्या कारणाने जिवावर बेतू शकते, कारण शरीराची स्वतःची स्टेरॉइड बनवण्याची क्रिया तोपर्यंत झोपलेली असते.

*मायकोफेनोलेट आणि अझाथायोप्रिन.* गुठळीचा धोका वाढवणारी औषधे म्हणून ती ओळखली जात नाहीत. मात्र दोन्हींमुळे रक्तातल्या पेशी कमी होऊ शकतात. अझाथायोप्रिनमुळे वॉरफरिन या रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा परिणाम कमी होतो, हे लक्षात ठेवावे लागते.

*शिरेतून दिली जाणारी औषधे.* रिजेक्शनच्या उपचारात कधी इम्युनोग्लोब्युलिन देतात. त्यानेही गुठळीचा धोका काही काळ वाढतो, म्हणून ते सावकाश आणि शरीरात पुरेसे पाणी असताना देतात.

नवे औषध शोधताना संशोधकांनाही हा प्रश्न आडवा आला आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस रिजेक्शन रोखणाऱ्या एका नव्या प्रकारच्या प्रतिपिंडाकडून मोठ्या अपेक्षा होत्या. पण रुग्णांमध्ये गुठळ्या दिसू लागल्याने चाचण्या थांबवाव्या लागल्या. हे औषध रक्तातल्या प्लेटलेट पेशींनाही चिकटून त्यांना जागे करत होते, असे पुढे समजले. आता त्याची रचना बदलून नव्या आवृत्त्यांच्या चाचण्या होत आहेत. रिजेक्शन रोखायचे आणि रक्तवाहिन्याही सांभाळायच्या, हा तोल सगळ्यांनाच साधावा लागतो.

गुठळी कुठे होते आणि कशी ओळखायची?

*१. नव्या किडनीच्या मुख्य रक्तवाहिनीत.* हा प्रकार बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत होतो. चांगली येणारी लघवी अचानक कमी होते किंवा थांबते, लघवी लाल दिसते, ऑपरेशनच्या बाजूला दुखते आणि तिथे ताण किंवा सूज जाणवते. यात तासांचा हिशेब असतो. लगेच डॉप्लर सोनोग्राफी करून गरज पडल्यास पुन्हा ऑपरेशन करावे लागते. रुग्णालयातून सुटी मिळाल्यावरही पहिला महिना रोजची लघवी मोजून वहीत लिहा. आकडा एकदम निम्म्यावर आला तर सकाळची वाट पाहू नका.

*२. पायाच्या खोल शिरेत.* एका पायाची पोटरी किंवा मांडी सुजते, दुखते, गरम लागते, कधी रंग बदलतो. दोन्ही पाय सारखे सुजले तर कारण बहुधा वेगळे असते. नवी किडनी ज्या बाजूला आहे त्याच बाजूचा पाय सुजला तर किडनीभोवती साठलेल्या लसिकेच्या पाण्याचा दाबही कारण असू शकतो. हे सोनोग्राफीतच कळते. सुजलेली पोटरी चोळू नका, मालीश करू नका. गुठळी सुटून पुढे जाऊ शकते.

*३. फुफ्फुसात.* पायातली गुठळी सुटून फुफ्फुसात अडकली तर अचानक धाप लागते, श्वास घेताना छातीत टोचते, छाती धडधडते, भोवळ येते, कधी खोकल्यातून रक्त पडते. ही आणीबाणी आहे. ‘अ‍ॅसिडिटी असेल’ म्हणून घरी थांबू नका.

*४. डायलिसिसच्या फिस्टुलात.* प्रत्यारोपणानंतरही अनेकांच्या हातात फिस्टुला चालू असतो. त्यावर बोटे ठेवली की थरथर जाणवते. ती रोज सकाळी तपासा. थरथर थांबली तर तिथे गुठळी झाली असण्याची शक्यता आहे. जुलाब, कमी रक्तदाब, हातावर घट्ट बांगड्या किंवा घड्याळ, त्या हातावर डोके ठेवून झोपणे ही नेहमीची कारणे. त्या हातातून रक्त काढू देऊ नका, बीपीही मोजू देऊ नका.

*५. किडनीच्या बारीक रक्तवाहिन्यांत (टीएमए).* यात बाहेरून काहीच दिसत नाही. रुग्णाला बरे वाटत असते, पण क्रिएटिनिन वाढते. बरोबरीने प्लेटलेट आणि हिमोग्लोबिन कमी होत असेल, एलडीएच वाढले असेल आणि रक्ताच्या काचपट्टीवर तुटलेल्या लाल पेशी दिसल्या तर डॉक्टरांना टीएमएची शंका येते. कधी हे सगळे आकडे ठीक असतात आणि केवळ किडनीच्या बायोप्सीत निदान होते. ‘बरे वाटतंय, मग तपासणी कशाला?’ या प्रश्नाचे उत्तर इथे आहे.

*६. मेंदूत किंवा हृदयात.* तोंड वाकडे होणे, हात-पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, छातीत दाबल्यासारखे दुखणे. इतरांसाठी जो नियम, तोच इथेही: तातडीने रुग्णालय गाठा.

धोका कोणाला जास्त?

- ज्यांना आधी कधी गुठळी झाली आहे किंवा घरात रक्ताच्या नात्यात कोणाला झाली आहे.
- ज्यांचा फिस्टुला वारंवार बंद पडत होता.
- ज्यांना ल्यूपस आहे किंवा रक्तात अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडे आढळली आहेत.
- ज्यांच्या लघवीतून खूप प्रथिने जातात. त्याबरोबर गुठळी रोखणारे नैसर्गिक घटकही निघून जातात.
- ज्यांना सीएमव्हीसारखा जंतुसंसर्ग झाला आहे.
- वजन जास्त असलेले, मधुमेह असलेले, बिडी, सिगारेट ओढणारे.
- ज्यांची मूळ किडनी ‘एटिपिकल एचयूएस’ या आजाराने गेली होती. त्यांच्यात टीएमए पुन्हा होऊ शकतो.

यांपैकी काही लागू असेल तर प्रत्यारोपणाच्या आधीच डॉक्टरांना सांगा. गर्भपात वारंवार झाले असतील तर तेही सांगा, कारण अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडांचा तो एक इशारा असू शकतो. काही केंद्रे अशा रुग्णांना सुरुवातीचे दिवस हेपॅरिनचे इंजेक्शन किंवा कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन देतात.

हिमोग्लोबिन वाढले, आनंदाची गोष्ट?

डायलिसिसच्या काळात हिमोग्लोबिन सात-आठवर अडकलेले असते. प्रत्यारोपणानंतर ते तेरा-चौदा होते, तेव्हा घरात सगळ्यांना हायसे वाटते. पण काही रुग्णांत ते थांबतच नाही. १७ च्या वर गेले आणि तसेच राहिले तर रक्त दाट होते आणि गुठळीचा धोका वाढतो. शंभरात साधारण आठ ते पंधरा रुग्णांत हा प्रकार आढळतो, पुरुषांत जास्त आणि बहुधा ऑपरेशननंतर आठ महिने ते दोन वर्षांच्या काळात. डोके जड होणे, चेहरा लाल होणे, थकवा अशा तक्रारी असू शकतात, कधी काहीच नसते.

यावर सोपा उपचार आहे. रक्तदाबाच्या काही गोळ्या, जसे लोसार्टन किंवा एनालाप्रिल, या त्रासात हिमोग्लोबिन खाली आणतात. मात्र त्या सुरू केल्यावर पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तपासावे लागते. स्वतःहून सुरू करू नका, आणि हिमोग्लोबिन १७ दिसले तर ‘चांगलं झालं’ म्हणून रिपोर्ट कपाटात ठेवू नका.

औषधाची पातळी बिघडवणाऱ्या गोष्टी

टॅक्रोलिमस, सायक्लोस्पोरिन, सिरोलिमस आणि एव्हेरोलिमस या औषधांची मात्रा आणि परिणाम यांतले अंतर कमी असते. थोडी पातळी वाढली की अपाय, थोडी घटली की रिजेक्शन. म्हणून या गोष्टी माहीत हव्यात.

*पातळी वाढवणाऱ्या गोष्टी:* बुरशीवरची फ्लुकोनाझोल, इट्राकोनाझोल ही औषधे. क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन ही प्रतिजैविके. डिल्टियाझेम, व्हेरापामिल या हृदयाच्या गोळ्या. ग्रेपफ्रूट आणि पपनस. नायट्याने त्रासलेल्या रुग्णाला गावात सर्रास फ्लुकोनाझोल किंवा इट्राकोनाझोलची गोळी मिळते. तुमच्यासाठी ती साधी गोळी नाही.

*पातळी कमी करणाऱ्या गोष्टी:* क्षयरोगाचे रिफाम्पिसिन, फिट्सवरची फेनिटोइन आणि कार्बामाझेपिन. क्षयरोगाचा उपचार सुरू होण्याआधी प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांशी बोलणे अत्यावश्यक आहे.

*जुलाब.* जुलाब लागले की औषध कमी लागू पडत असेल, असे वाटते. टॅक्रोलिमसच्या बाबतीत उलट होते: जुलाबात त्याची पातळी वाढू शकते. त्यात अंगातले पाणी कमी होऊन रक्त दाट होते. म्हणजे गुठळी आणि किडनीला इजा, दोन्हींचा धोका एकाच वेळी. एका दिवसापेक्षा जास्त जुलाब राहिले तर फोन करा, क्रिएटिनिन आणि पातळी तपासून घ्या.

*ब्रँड बदलणे.* औषध दुकानात नेहमीचा ब्रँड नाही म्हणून दुसरा घेऊ नका. एकाच नावाचे औषध दिवसातून एकदा घ्यायचे आणि दोनदा घ्यायचे, अशा दोन प्रकारांत मिळते. गोंधळ झाला तर मात्रा पूर्ण चुकते.

*काढे आणि चूर्णे.* प्रतिकारशक्ती वाढवणारी म्हणून घेतली जाणारी गुळवेल, अश्वगंधा किंवा कोणतेही घटक न लिहिलेले चूर्ण घेऊ नका. तुमच्या गोळ्या प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवत आहेत, हे विसरू नका.

*अंगदुखीची गोळी आणि इंजेक्शन.* डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, असेक्लोफिनॅक किडनीला घातक आहेत. रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर रक्तस्रावही होऊ शकतो. साध्या ताप-दुखण्याला पॅरासिटामॉल चालते, पण तापाचे कारण शोधणे आवश्यक असते.

*पाळी आणि गर्भनिरोधनाच्या गोळ्या.* वारी, महालक्ष्म्या किंवा घरचे लग्नकार्य आले की पाळी पुढे ढकलण्याची गोळी दुकानातून आणली जाते. या गोळ्या आणि इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या गुठळीचा धोका वाढवू शकतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. त्याच वेळी, मायकोफेनोलेट चालू असताना गर्भ राहिला तर बाळाला व्यंग येऊ शकते, म्हणून खात्रीचे गर्भनिरोधन आवश्यक आहे. कोणते साधन योग्य, हे तुमच्या डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलून ठरवा.

रक्ताची पातळी तपासताना

गोळी घेतल्यावर बारा तासांनी, पुढची गोळी घेण्याच्या आधी, रक्त द्यायचे असते. सकाळी आठची गोळी असेल तर त्या दिवशी ती घेऊ नका. सोबत न्या, रक्त दिल्यावर लगेच घ्या. गोळी घेऊन रक्त दिले तर आकडा खोटा वाढलेला येतो आणि मात्रा विनाकारण कमी केली जाते. दिवसातून एकदा घ्यायच्या प्रकारात हे अंतर चोवीस तासांचे असते.

रक्त गावाजवळच्या लॅबमध्ये देऊन पुढे पाठवायचे असेल तर ते जांभळ्या झाकणाच्या नळीत हवे. शेवटची गोळी किती वाजता घेतली, ते चिठ्ठीवर लिहायला सांगा. प्रत्येक वेळी शक्यतो त्याच लॅबमध्ये तपासा.

गुठळी झाली तर उपचार काय?

आधी डॉप्लर सोनोग्राफी, गरज पडल्यास सीटी स्कॅन होतो. सीटीच्या रंगद्रव्याचा किडनीवर परिणाम होऊ शकतो, म्हणून प्रत्यारोपण झाले आहे हे सांगा. पण फुफ्फुसातल्या गुठळीची दाट शंका असेल तर डॉक्टर हा धोका पत्करून तपासणी करतात, कारण जीव वाचवणे पहिले.

नंतर रक्त पातळ करणारी औषधे सुरू होतात.

- *हेपॅरिन आणि एनॉक्सापॅरिन:* इंजेक्शने. किडनी कमी काम करत असेल तर एनॉक्सापॅरिनची मात्रा कमी करावी लागते.
- *वॉरफरिन किंवा अ‍ॅसेनोकुमॅरॉल:* गोळ्या. आयएनआर ही तपासणी नियमित लागते, आकडा बहुधा दोन ते तीनच्या दरम्यान ठेवतात. पालेभाज्या बंद करू नका, पण रोज साधारण तेवढ्याच खा.
- *एपिक्साबॅन, रिव्हारोक्साबॅन, डाबिगाट्रान:* नवी औषधे, आयएनआर लागत नाही. पण डाबिगाट्रान मुख्यतः किडनीवाटे बाहेर पडते, आणि सायक्लोस्पोरिनबरोबर यांतल्या काही औषधांची पातळी वाढते. निवड प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांनीच करावी.

उपचार किमान तीन महिने चालतो, कधी जास्त. या काळात किडनीची बायोप्सी, दात काढणे किंवा कोणतेही ऑपरेशन ठरले तर औषध चालू असल्याचे आधी सांगा. शौचाला काळी होणे, नाकातून न थांबणारे रक्त, डोक्याला मार लागणे: या वेळी लगेच रुग्णालयात जा.

टीएमएचा उपचार वेगळा असतो. टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिन कमी करतात, बदलतात किंवा थांबवून दुसरे औषध देतात. काहींना प्लाझ्मा बदलण्याचा उपचार लागतो, काहींना एक्युलिझुमॅबसारखे औषध. हा बदल रुग्णालयात, रोज रक्त तपासत केला जातो. घरी गोळी बंद करणे म्हणजे हा उपचार नव्हे.

रोजची काळजी: ऊन, प्रवास, काम

*पाणी.* एप्रिल-मे महिन्यांत मराठवाड्यात पारा चाळिशी ओलांडतो. डॉक्टरांनी पाण्यावर बंधन घातले नसेल तर दिवसभर थोडे थोडे पाणी पीत राहा. किती लिटर, हे तुमच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. लघवी गडद पिवळी दिसली तर पाणी कमी पडते आहे. दुपारी बारा ते चार शेतात जाऊ नका. पाणी उकळून किंवा शुद्ध करूनच प्या, नाहीतर जुलाबांना आमंत्रण मिळते.

*प्रवास.* दिंद्रुडहून पुणे किंवा संभाजीनगरला तपासणीला जायचे म्हणजे कित्येक तास बसून राहणे. चार तासांपेक्षा जास्त बसून प्रवास केला की पायात गुठळीची शक्यता वाढते. गाडी असेल तर दर दीड-दोन तासांनी उतरून पाच मिनिटे चाला. एसटीत असाल तर बसल्या जागी टाचा आणि चवडे आळीपाळीने वर-खाली करा, पोटऱ्या आवळा आणि सोडा. मांडी घालून बसू नका. लघवी लागेल म्हणून पाणी टाळू नका.

*ऊसतोड.* बीड जिल्ह्यातली अनेक कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातात आणि काही महिने तिकडेच राहतात. प्रत्यारोपण झालेल्या व्यक्तीने मोळ्या उचलण्याचे काम करू नये. पण घरचे जात असतील आणि रुग्णही सोबत असेल तर निघण्याआधी पूर्ण काळाच्या गोळ्यांची सोय करा. कारखान्याजवळ तपासणी कुठे होईल, हे डॉक्टरांना विचारून घ्या. रुग्ण घरीच राहणार असेल तर गोळ्यांवर लक्ष ठेवणारा एक माणूस ठरवा.

*चालणे आणि व्यसन.* रोज अर्धा तास चाला. आजारपणातही अंथरुणातल्या अंथरुणात पाय हलवत राहा. बिडी, सिगारेट, गुटखा, तंबाखू पूर्ण बंद.

गावात राहणाऱ्यांनी करून ठेवायची तयारी

१. एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहा: किडनी प्रत्यारोपण झाले आहे, तारीख, कोणत्या बाजूला, सध्याची औषधे मात्रेसह, शेवटचे क्रिएटिनिन, शेवटची औषधाची पातळी, प्रत्यारोपण केंद्राचा फोन. त्याचा फोटो घरातल्या दोघा-तिघांच्या मोबाइलमध्ये ठेवा.

२. गावातल्या डॉक्टरांना हा कागद आधीच, बरे असताना, दाखवा. नवीन औषध लिहिण्याआधी केंद्राला फोन करावा, अशी विनंती करा. बहुतेक डॉक्टरांना ती आवडतेच.

३. डॉप्लर सोनोग्राफी जवळ कुठे होते, हे आधी विचारून ठेवा. माजलगावचे ग्रामीण रुग्णालय, बीडचे जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय यांपैकी रात्री कुठे जायचे, हे घरात ठरलेले असावे.

४. धाप, छातीत दुखणे, बेशुद्धी या वेळी १०८ वर फोन करा. ही रुग्णवाहिका मोफत असते.

५. गोळ्यांचा किमान पंधरा दिवसांचा जादा साठा ठेवा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*एक गोळी विसरली तर?* आठवण लवकर झाली तर घ्या. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर विसरलेली सोडून द्या. दोन एकदम घेऊ नका. वारंवार विसर पडत असेल तर डॉक्टरांना सांगा, ते रागावतील म्हणून लपवू नका.

*रक्त पातळ राहावे म्हणून अ‍ॅस्पिरिन किंवा लसूण रोज घेऊ का?* जेवणातला लसूण चालतो. लसणाच्या कॅप्सूल आणि स्वतःहून अ‍ॅस्पिरिन नको. प्लेटलेट कमी असताना अ‍ॅस्पिरिनने रक्तस्राव होऊ शकतो.

*शेजारच्या रुग्णाचे टॅक्रोलिमस बंद करून दुसरे औषध दिले. मलाही बदलून मिळेल का?* प्रत्येकाचे कारण वेगळे असते. तुमची किडनी ठीक चालत असेल आणि पातळी योग्य असेल तर केवळ गुठळीच्या भीतीने औषध बदलण्याची गरज नसते.

*किडनी देणाऱ्या नातेवाइकालाही हा धोका आहे का?* दात्याला ही औषधे लागत नाहीत. ऑपरेशननंतरचे काही आठवडे मात्र इतर कोणत्याही मोठ्या ऑपरेशनइतकी काळजी घ्यावी: लवकर चालायला लागणे, पाणी पिणे, पाय सुजल्यास दाखवणे. घरात दोघांचे ऑपरेशन झालेले असते आणि सगळ्यांचे लक्ष किडनी मिळालेल्या रुग्णाकडे असते. किडनी देणाऱ्या आईकडे किंवा बायकोकडेही बघा.

लक्षात ठेवा

रोज तीन गोष्टी करा: वेळेवर गोळी, फिस्टुलावर बोट, पायांवर नजर. महिन्यातून किंवा डॉक्टर सांगतील तेव्हा रक्त तपासणी. नवीन औषध सुरू करण्याआधी एक फोन. एवढ्याने बहुतेक अडचणी वेळेत लक्षात येतात.

*या लेखातली माहिती सर्वसाधारण समज वाढावी यासाठी आहे. तुमच्या औषधांत कोणताही बदल तुमच्या प्रत्यारोपण केंद्रातल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करा.*